रोज एक मिलिमीटर



मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवले. हा विषय शिकवणाऱ्याला सहसा कोणी भाषणाला बोलावत नाही. बोलावलेच तर मधुमेहावर बोला म्हणतात. आपण विषय माझ्यावर सोपवलात, म्हणून हुबळीत जन्मलेल्या एका शल्यविशारदाला पडलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

डॉ. नोशीर होरमसजी अंतिया यांचा जन्म १९२२ साली हुबळीतल्या एका पारशी कुटुंबात झाला. प्लास्टिक सर्जरी ते इंग्लंडात सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले. त्या शिक्षणावर मुंबईत दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. पण परत आल्यावर ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि १९७५ मध्ये ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संस्था काढली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते गेले. अलिबागकडच्या मांडव्यात गावातल्याच बायकांच्या हाती आरोग्याची कामे सोपवण्याचा त्यांचा प्रयोग हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याला आज हात लावत नाही.

मला कुतूहल आहे ते एवढ्याच गोष्टीचे, की शस्त्रक्रियेत हात बसलेल्या माणसाला प्रयोगशाळा काढावीशी का वाटली असेल? कुष्ठरोगात बसलेले नाक पुन्हा उभे करता येते. झडलेल्या भुवयांच्या जागी डोक्यावरची केसाळ त्वचा बसवता येते. आखडलेली बोटे सरळ करता येतात. चांगल्या स्नायूची कंडरा लुळ्या स्नायूच्या जागी वळवून जोडायची, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून करून दाखवले होते. पण सरळ झालेल्या बोटाला तव्याचा चटका कळत नाही. चपलेत खडा असला तरी पाय चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. लोक म्हणायचे, रोगाने बोटे झडतात. बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना गेल्यामुळे ती जपली जात नाहीत, आणि हेही ब्रँड यांनीच ठासून सांगितले. हरवलेला स्पर्श मात्र सुरीने परत येत नाही. त्यासाठी मज्जातंतूने स्वतःच पुन्हा वाढायला हवे. तो कधी वाढतो, कधी अर्ध्या वाटेत थांबतो, कधी निघतच नाही. असे का व्हावे, याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळण्यासारखे नव्हते. ते रसायनात होते.

नस पुन्हा उगवते याचे श्रेय आपण तुटलेल्या तंतूला देऊन टाकतो. माझे म्हणणे असे, की निम्म्याहून अधिक काम त्याला खेटून बसलेल्या दुसऱ्याच पेशी करतात, आणि त्या ते ठरावीक मुदतीतच करतात. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर अपघातात तुटलेली नस आणि कुष्ठरोगात बधिर झालेली नस या एकाच कथेच्या दोन बाजू दिसू लागतात.

आधी रचना थोडक्यात पाहू. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाला लागून एक नस जाते. तिथे टोला बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. त्या नसेत हजारो तंतू असतात. यातल्या स्नायू हलवणाऱ्या तंतूची मूळ पेशी मानेच्या मज्जारज्जूत असते, आणि तिथून निघालेला एकच अखंड धागा तळहाताच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. मूळ पेशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान, आणि तिचा हा धागा, म्हणजे अक्षतंतू, हातभर लांब. या धाग्याभोवती ओळीने श्वॉन पेशी बसलेल्या असतात. जाड धाग्यांभोवती त्या मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन गुंडाळतात, आणि त्यामुळे संदेश वेगाने जातो. मायलिनच्या कोरड्या वजनातला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग मेदाचा असतो. ही मेदाची गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

नस तुटली की पलीकडच्या तुकड्याचे काय होते, हे १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिले. मूळ पेशीपासून तुटलेला भाग जागच्या जागी नुसता पडून राहत नाही; त्याचे तुकडे तुकडे होतात. शंभर वर्षांहून अधिक काळ समजूत अशी होती, की पोषण थांबले म्हणून तो सुकतो. ती समजूत १९८९ साली एका उंदराने मोडली. इंग्लंडात सापडलेल्या उंदरांच्या एका जातीत तुटलेला तंतू दोन-तीन आठवडे धडधाकट राहत होता, संदेशही वाहून नेत होता. उपासमारीनेच मरायचे असते तर तो इतके दिवस जगला नसता. म्हणजे मरण ही त्या तुकड्याच्या आतूनच घडणारी, ठरलेल्या क्रमाची रासायनिक क्रिया आहे.

तो क्रम आता बराचसा उलगडला आहे. अक्षतंतूला जगायला एनएडी हा रेणू लागतो. इंधनातून ऊर्जा काढण्याच्या कामात तो पदोपदी वापरला जातो. तो तयार करणारे एक एन्झाइम, एनएमनॅट-२, मूळ पेशीत बनते आणि धाग्यातून सतत खाली पाठवावे लागते, कारण ते काही तासांतच नष्ट होते. धागा तुटला की पुरवठा बंद. एन्झाइम संपते, त्याचा कच्चा माल साठतो, आणि त्या साठ्यामुळे सार्म-१ नावाचे दुसरे प्रथिन जागे होते. सार्म-१ उरलेसुरले एनएडीही तोडून टाकते. ऊर्जा संपते, पेशीच्या पटलावरचे नियंत्रण सुटते, बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, आणि कॅल्शियमने चेतवलेले कॅल्पेन हे एन्झाइम धाग्याच्या आतला प्रथिनांचा सांगाडा कापून काढते. सार्म-१ चे हे काम २०१२ मध्ये उजेडात आले. त्या उंदरांत काय वेगळे होते? त्यांच्या पेशींत एनएडी बनवणाऱ्या एन्झाइमचे अधिक टिकाऊ रूप होते, एवढेच.

एनएडी ज्या जीवनसत्त्वापासून बनते ते नायसिन. आपल्या धारवाडसारख्या ज्वारीच्या मुलखात त्याचे नाव काढताना पेलाग्रा आठवल्याशिवाय राहत नाही. केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरीब शेतमजुरांत हा रोग दिसे: उन्हाने सोललेली कातडी, जुलाब, भ्रम, आणि हातापायांच्या नसांच्या तक्रारी. हैदराबादच्या पोषणसंशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणावर बोट ठेवले. त्या मताबद्दल पुढे वाद झाले. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे खाणाऱ्या कोणी यातून घाबरून जाऊ नये. आणि नायसिनच्या गोळ्यांनी तुटलेली नस जुळते, असेही यातून निघत नाही. ‘नसांच्या ताकदीची’ इंजेक्शने आपल्याकडे फार खपतात. ब-१२ ची खरोखर कमतरता असेल तर ते औषध हवेच, पण कमतरता नसलेल्या माणसाच्या कापलेल्या नसेला त्याने टाके पडत नाहीत.

तुटलेल्या तंतूची ही मोडतोड माणसात थोडी सावकाश होते. नस पूर्ण तुटली तरी जखमेखालच्या भागाला विजेचा धक्का दिला तर पहिले काही दिवस स्नायू हलतो. म्हणून अपघातानंतर लगेच केलेली नसेची विद्युत तपासणी फसवी ठरू शकते. आठ-दहा दिवसांनी तीच तपासणी खरे सांगते.

आता वरच्या टोकाला, मूळ पेशीकडे या. धागा तुटल्याची खबर तिला कशी लागते? काही बातमी विजेच्या आणि कॅल्शियमच्या लाटेने लगेच पोहोचते. उरलेली सावकाश येते: जखमेच्या जागी, धाग्याच्या आतच, काही प्रथिने ताजी तयार होतात आणि इतर रेणूंना बरोबर घेऊन केंद्रकापर्यंत मागे प्रवास करतात. खबर पोहोचली की पेशीचे रूप पालटते. फ्रान्झ निस्सल यांनी १८९० च्या दशकातच पाहिले होते, की एरवी ठळक रंगणारे पेशीतले कण विरघळल्यासारखे होतात, पेशी फुगते, केंद्रक एका कडेला सरकते. बरीच वर्षे हे मरणाचे लक्षण मानले गेले. प्रत्यक्षात ते कण म्हणजे आरएनए आणि प्रथिने घडवणारी यंत्रणा. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये हायडेन आणि सहकाऱ्यांनी एकेका पेशीतले आरएनए मोजून वाढत्या पेशीची रसायने तपासली. पेशी पाणी घेऊन फुगल्यामुळे आरएनए आधी विरळ दिसते, पुढे त्याचे एकूण प्रमाणच वाढते. पेशी मरत नव्हती, कामाची विभागणी बदलत होती.

ही विभागणी फार समजूतदार आहे. एरवी पेशी संदेश पोहोचवण्याच्या उद्योगात असते. त्यासाठीच्या अॅसिटिलकोलीनशी संबंधित एन्झाइमांचे उत्पादन आता ती कमी करते. धाग्याला जाडी देणाऱ्या न्यूरोफिलामेंट प्रथिनांनाही कात्री लागते. उलट ट्यूब्युलिन आणि अॅक्टिन, म्हणजे वाढत्या टोकाला पुढे सरकायला लागणारी प्रथिने, मोठ्या प्रमाणावर बनू लागतात. जीएपी-४३ नावाचे प्रथिन तर नेहमीच्या वीस ते शंभर पट वाढते. स्कीन आणि विलार्ड यांनी १९८१ मध्ये ते दाखवले. संदेश नंतर पाहू, आधी पोहोचू, असा हा हिशेब.

पण ही प्रथिने मूळ पेशीतून टोकापर्यंत ज्या गतीने जातात, ती गतीच वाढीवर बंधन घालते. पेशीतली काही द्रव्ये दिवसाला चाळीस सेंटिमीटर वेगाने धावतात. सांगाड्याची प्रथिने मात्र दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर सेडन, मेडावर आणि स्मिथ यांनी १९४३ साली मोजमापे प्रसिद्ध केली. माणसात नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर, कधी थोडी जास्त, वाढते. यातले मेडावर म्हणजे पुढे अवयवरोपणाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे पीटर मेडावर.

या आकड्याने आपल्या भागातले गणित मांडून पाहा. पुणे-बंगळूर महामार्गावर मोटरसायकल घसरते, मान आणि खांदा विरुद्ध दिशांना ताणले जातात, हाताच्या सगळ्या नसांचे मूळ जाळे फाटते. तिथून तळहात साठ-सत्तर सेंटिमीटर लांब. रोज एक मिलिमीटर म्हणजे दोन वर्षांचा प्रवास. तोवर तळहाताचे स्नायू वाट पाहत नाहीत. साधारण वर्ष-दीड वर्ष नसेशिवाय राहिलेला स्नायू सुकून तंतुमय होतो, आणि नंतर नस आली तरी कामाला येत नाही. म्हणून शल्यविशारदांनी युक्ती काढली: खांद्याशी फाटलेली नस वाढण्याची वाट न पाहता, दंडातल्या चांगल्या नसेतला एक लहान पदर काढून दंडाच्या स्नायूच्या अगदी जवळ जोडायचा. फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली. त्यात वाढीचा वेग तोच राहतो, कापायचे अंतर मात्र फार घटते. या युक्तीबद्दल मला फार आदर आहे, कारण ती रसायनशास्त्राशी भांडत बसत नाही.

जाता जाता आपल्या शेजारच्या ब्याडगीचे सांगतो. मिरचीतले कॅप्सायसिन त्वचेतल्या वेदनेच्या तंतूंवरचा एक ठरावीक ग्राही रेणू चेतवते. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. तीव्र कॅप्सायसिनची पट्टी कातडीवर लावली तर तिथली तंतूंची टोके मागे हटतात आणि काही महिन्यांत पुन्हा उगवून येतात. नसेच्या वाढीचा अभ्यास सुरी न लावता करण्याची ही चांगली सोय आहे. ब्याडगी मिरची रंगासाठी प्रसिद्ध, तिखटासाठी नव्हे, त्यामुळे या प्रयोगाला ती बिचारी अपुरी पडेल.

इथवर तंतूची बाजू झाली. आता शेजाऱ्याकडे वळतो.

तंतू नाहीसा झाल्याचे कळताच श्वॉन पेशी आपला धंदाच बदलते. मायलिनची प्रथिने बनवणे ती थांबवते. सी-जून नावाचे एक नियंत्रक प्रथिन तिच्या केंद्रकात वाढते आणि जनुकांची वेगळीच यादी सुरू होते. लंडनच्या जेसेन आणि मिर्स्की यांनी हे काम फार चिकाटीने उकलले आहे. स्वतःच गुंडाळलेले मायलिन ती स्वतःच पचवू लागते. मग रक्तातून महाभक्षक पेशींना बोलावणारे रेणू सोडते, आणि उरलेली सफाई त्या करतात. या टप्प्यावरची रसायने कॅनडात रॉसिटर आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या आसपास मांजराच्या नसेवर मोजली: मायलिनचे मेद कमी होत जातात, मोकळे कोलेस्टेरॉल घटते, आणि नंतर त्याच कोलेस्टेरॉलची एस्टर रूपे दिसू लागतात. म्हणजे कोलेस्टेरॉल फेकले जात नाही, साठवले जाते. पुढे त्याला अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन उचलून घेते. जखमी नसेत त्याचे प्रमाण इतके वाढते, की पेशींबाहेरच्या विरघळलेल्या प्रथिनांत त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या घरात जातो. जुन्या वेष्टनाच्या मेदातून नवे वेष्टन, अशी ही काटकसर सुंदर दिसते. मात्र ज्या उंदरांत हे प्रथिन मुळीच नव्हते, त्यांच्या नसाही ठीक उगवल्या. शरीर एका वाटेवर विसंबून राहत नाही, आणि सुंदर दिसणारी प्रत्येक गोष्ट अपरिहार्य असते असेही नाही.

सफाईबरोबर श्वॉन पेशी दुसरेही काम करतात. त्या वाढतात, लांबट होतात, आपल्या बाहेरच्या आवरणाच्या नळीत ओळीने मांडी घालून बसतात. त्यांच्या पृष्ठभागावर तंतूला धरून पुढे नेणारे रेणू येतात. नसेच्या वाढीला खत घालणारे एनजीएफ, बीडीएनएफ, जीडीएनएफ असे घटक त्या स्रवू लागतात. बाहेरच्या आवरणात लॅमिनिन हे प्रथिन असते, आणि वाढते टोक त्याला धरूनच पुढे सरकते. मेंदू आणि मज्जारज्जू यांत असे शेजारी नाहीत, म्हणून तिथले तंतू सहसा उगवत नाहीत. ते मुळातच उगवू शकत नाहीत असे मात्र नव्हे: माँट्रियलच्या डेव्हिड आणि अॅग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदराच्या मज्जारज्जूला हातापायातल्या नसेचा तुकडा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतले तंतू त्या तुकड्यातून चांगले लांबवर वाढले. तंतू तेच होते, शेजार बदलला होता. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच.

आणि मुदत? श्वॉन पेशींच्या त्या ओळी काळ्या जमिनीतल्या गाडीच्या चाकोरीसारख्या असतात: गाड्या येत-जात राहिल्या तर टिकतात, दोन पावसाळे कोणी फिरकले नाही तर बुजून जातात. कॅनडात टेसा गॉर्डन आणि फू यांनी १९९५ मध्ये दाखवले, की महिनोन्महिने तंतूशिवाय राहिलेली नसेची नळी पुढे आलेल्या तंतूंना फारशी साथ देत नाही. सी-जून उतरणीला लागते, वाढीचे घटक आटतात, पेशींची संख्या घटते, मधे कोलॅजनचे जाळे भरते. नसेची शस्त्रक्रिया झाल्याबरोबर तासभर, सेकंदाला वीस या गतीने, विजेचे सौम्य झटके दिले तर तंतू लवकर मार्गाला लागतात, हे त्याच गटाने आधी उंदरांत आणि २०१० मध्ये मनगटाची नस दबलेल्या रुग्णांत दाखवले. उपाय साधा आहे, पण तोही चाकोरी बुजण्याआधीच करायचा.

एवढी सगळी तयारी कुष्ठरोगासाठी होती.

हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिलेला हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस घेतो. त्याला शरीराचे थोडे गार भाग आवडतात: कोपराजवळून वर आलेली नस, गुडघ्याच्या बाहेरची, चेहऱ्यावरची. शरीरात नसेत घर करणारे जंतू विरळाच, आणि हा नेमका श्वॉन पेशीत राहतो. ती त्याने कशी गाठली, हे न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या अनुरा रामबुक्काना यांनी १९९७ पासूनच्या शोधनिबंधांत दाखवले. जंतू श्वॉन पेशीच्या आवरणातल्या लॅमिनिनला चिकटतो आणि तिथून आत शिरतो. म्हणजे उगवणारा तंतू ज्या रेणूचा हात धरून चालतो, त्याच रेणूचा हात धरून जंतू घरात येतो. पुढे २००२ मध्ये असे दिसले, की पेशीला नुसता चिकटलेला जंतू प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या मदतीशिवायही मायलिन उतरवू शकतो; आणि २०१३ मध्ये, की तो श्वॉन पेशीला तिची ओळखच विसरायला लावतो, तिला कोवळ्या मूळपेशीसारखी करून टाकतो.

हे पुन्हा मनात घोळवून बघा. नस तुटल्यावर श्वॉन पेशी आपले प्रौढ रूप सोडून मागे जाते, ते दुरुस्तीसाठी. जंतू तिला मागे नेतो ते स्वतःच्या पसाऱ्यासाठी. अपघातात मायलिनमधून सुटलेले कोलेस्टेरॉल पुन्हा वापरले जाते. जंतू शिरलेल्या श्वॉन पेशीतही मेदाचे थेंब साठतात, आणि ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवले की तो साठा जंतूच्या फायद्याचा ठरतो. दुरुस्तीचे सारे साहित्य तेच, मालक बदललेला. म्हणून कुष्ठरोगातली नस तुटलेल्या नसेपेक्षा बरी करायला अवघड. तुटलेल्या नसेला निदान प्रामाणिक शेजारी मिळतात.

आता अंतियांकडे परत येतो. जे. जे.मधले मज्जाविकृतीतज्ज्ञ दराब दस्तूर आणि डॉ. एस. एस. पंड्या यांच्याबरोबर १९७० मध्ये त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातातल्या नसांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. शस्त्रक्रियेत हातात आलेली नस नुसती दुरुस्त करायची नाही, तिच्यापासून शिकायचेही, ही त्यांची रीत. २००४ मध्ये सावे, व्ही. पी. शेट्टी, के. टी. शेट्टी आणि अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या नसांमधल्या न्यूरोफिलामेंट प्रथिनांवर शोधनिबंध लिहिला. तेव्हा अंतिया ऐंशी ओलांडलेले होते.

हा शोध का महत्त्वाचा? न्यूरोफिलामेंट म्हणजे धाग्याला जाडी देणारा सांगाडा. त्याच्या मोठ्या दोन प्रथिनांच्या शेपट्यांवर फॉस्फेटचे गट चिकटले की त्या एकमेकींना दूर ढकलतात, धागा रुंद राहतो. आणि धागा जितका रुंद तितका संदेश वेगवान. ही फॉस्फेट चिकटवण्याची सूचना धाग्याला मिळते ती त्याच्याभोवती मायलिन गुंडाळणाऱ्या श्वॉन पेशीकडून. कुष्ठरोग्यांच्या नसांत ही प्रथिने घटलेली, काही ठिकाणी नाहीशी झालेली आढळली. त्याच गटाने पुढे, २००९ मध्ये, उंदराच्या तळव्यात जंतू टोचून मांडीच्या नसेची तपासणी केली: फॉस्फेटचे प्रमाण उतरलेले, आणि ते चिकटवणाऱ्या एन्झाइमची क्रियाही उतरलेली. जंतू टोचला तळव्यात, रसायन बिघडले वर मांडीत. धागा तुटण्याच्या पुष्कळ आधी तो आतून बारीक होऊ लागतो.

तुटलेल्या नसेतही न्यूरोफिलामेंट कमी होते, हे मघाशी सांगितले. पण तिथे ती उगवण्याच्या कार्यक्रमातली पायरी असते. तंतू पोहोचला, शेजाऱ्याने पुन्हा मायलिन गुंडाळले, की जाडी परत येते. इथे ती पायरी चढून कोणी वर जात नाही.

मग जंतू मारला तर? १९८० च्या दशकात आलेल्या बहुऔषध उपचाराने जंतू मरतात, रुग्ण संसर्गमुक्त होतो. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण ही पातळी गाठली. तरी त्यानंतरही वर्षाला लाखभर नवे रुग्ण सापडत राहिले, आणि औषध सुरू असताना किंवा पूर्ण झाल्यावरही काहींच्या नसा एकाएकी सुजतात, कारण मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते. सूज नसेच्या टणक आवरणात कोंडली जाते. त्यावर प्रेडनिसोलोन देतात. नेपाळ आणि बांगलादेशात झालेल्या चाचणीत असे दिसले, की सहा महिन्यांहून जुन्या बधिरतेवर ते दिले तर न दिल्यापेक्षा फरक पडत नाही. भारतासह चार देशांत झालेल्या नंतरच्या चाचणीत, सहा महिन्यांच्या आतल्या रुग्णांना वीस आठवडे औषध दिले काय आणि बत्तीस आठवडे दिले काय, गुण सारखाच आला.

ज्यांची नस कायमचीच गेली त्यांच्यासाठी १९९१ मध्ये भारतीय आणि ब्रिटिश शल्यविशारदांनी मिळून एक धाडस केले. रुग्णाच्याच स्नायूचा तुकडा काढायचा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून वितळवायचा म्हणजे पेशी मरतात पण त्यांच्या लॅमिनिनच्या नळ्या उरतात, आणि तो तुकडा खराब झालेल्या नसेच्या जागी शिवायचा. काही रुग्णांच्या बधिर तळव्यांत आणि हातांत संवेदना परत आल्या. कल्पना डोळ्यांसमोर आणा: जंतूने जो दरवाजा वापरला, त्याच लॅमिनिनचा रिकामा बोगदा करून तंतूला वाट दिली. ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही, याला खर्च, कौशल्य आणि कुष्ठरोगाकडे फिरवलेली पाठ अशी कारणे मला दिसतात. त्यांत शेवटचे सर्वांत मोठे.

न्यूरोफिलामेंटचा एक लहान घटक आता रक्तातही मोजता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत मेंदूरोगतज्ज्ञ तो वापरतात. हा साधासा आकडा कुष्ठरोग्याच्या नसेला इजा होत असताना, हात बधिर होण्याच्या आधी, इशारा देऊ शकेल का, हे तपासायला हुबळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि आपले विद्यापीठ यांनी एकत्र यावे असे मला फार वाटते. तोवर हाताशी आहे ते नायलॉनच्या वेगवेगळ्या जाडीच्या धाग्यांचे संच आणि बॉलपेनचे टोक. रुग्णाचे डोळे मिटायचे, तळहातावर ठरलेल्या जागी हलके टेकवायचे आणि विचारायचे, कुठे लागले ते दाखवा. करंगळी बाजूला करायला सांगून तिच्यावर बोटाने दाब द्यायचा. ही तपासणी औषध चालू असेपर्यंत दर महिन्याला, आणि संपल्यावरही अधूनमधून. गेल्या महिन्यात कळत होते ते या महिन्यात कळेनासे झाले, तर त्याच आठवड्यात प्रेडनिसोलोन सुरू करायचे.